तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवून नजर ठेवायची असेल तर

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायला नुकत्याच लागलेल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. रात्री आठला बॅकअप सुरू होतो. डिस्कवर किती जागा उरली ते बघायला तो टर्मिनलमध्ये डीएफ चालवतो, मग वरचा बाण आणि एंटर, थोड्या वेळाने परत वरचा बाण आणि एंटर. हे आपोआप होत राहील असं काही आहे का, आणि तो घरी गेल्यावर रात्री काय झालं ते सकाळी कसं कळेल, असं त्याने विचारलंय.

हे खरं तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. समोर बसून बघायचं असेल तर वॉच, म्हणजे दिलेली कमांड ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालवून दाखवणारी कमांड. माघारी नोंद ठेवायची असेल तर वॉच अजिबात नको, तिथे शेलमधली, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली, साधी फेरी म्हणजे लूप लागतो. बरेच जण पहिल्याचं हत्यार दुसऱ्याला वापरतात आणि सकाळी हाती काही लागत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. खालच्या सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या नेहमीच्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पण कमांडच्या आधी एक गोष्ट. कोल्हापुरात जुलै लागला की सगळं गाव राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तरी नुसता आकडा ऐकून कुणी गप्प बसत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "चढतंय का उतरतंय?" पाणी ४१ फुटांवर आहे आणि तासाला दोन इंच उतरतंय, तर माणूस निवांत झोपतो. ४० फुटांवर आहे आणि तासाला अर्धा फूट चढतंय, तर तळमजल्यावरचं सामान वर न्यायला लागतो. डिस्क, मेमरी, मेलची रांग, डेटाबेसची कनेक्शनं, सगळीकडे हेच आहे. एकच कमांड पुन्हा पुन्हा चालवायची ती दोन वाचनांमधला फरक कळावा म्हणून. एवढं मनात पक्कं असलं की कुठलं ऑप्शन लावायचं, किती सेकंदांनी चालवायचं, हे आपसूक ठरतं.

आता वॉच. बहुतेक लिनक्सवर ते आधीपासून असतंच, कारण पीएस, टॉप, फ्री या कमांड ज्या प्रॉकपीएस नावाच्या संचात येतात त्याच संचात वॉचही येतं. मूळ प्रोग्रॅम टोनी रेम्स यांनी १९९१ मध्ये लिहिला आणि १९९९ मध्ये माइक कोलमन यांनी तो नव्याने बांधला. वापर सोपा आहे. जी कमांड चालवायची तिच्याआधी वॉच लिहायचं:

वॉच डीएफ -एच /बॅकअप

स्क्रीन पुसली जाते, वर डावीकडे किती सेकंदांनी चालतंय आणि काय चालतंय ते दिसतं, उजवीकडे यंत्राचं नाव आणि वेळ, आणि खाली त्या कमांडचा ताजा निकाल. काही सांगितलं नाही तर दर २ सेकंदांनी. बदलायचं असेल तर -एन आणि आकडा. थांबवायला कंट्रोल-सी.

उजवीकडची ती वेळ बघायची सवय लावून घ्या. वेळ पुढे सरकत नसेल तर आतली कमांड अडकली आहे, आणि तुम्ही जुनाच आकडा ताजा समजून बघत बसला आहात. वेळ नको म्हणून -टी लावून वरची पट्टी काढून टाकणारे लोक आहेत. मी ती कधीच काढत नाही.

माझ्या हाताला सर्वांत जास्त बसलेलं ऑप्शन म्हणजे -डी. मागच्या वाचनापेक्षा जे बदललं तेवढंच उलट्या रंगात उठून दिसतं. वीस ओळींच्या निकालात तिसऱ्या ओळीतला एकच आकडा हलला तर डोळा थेट तिथेच जातो. -डी=परमनंट असं लिहिलं तर एकदा बदललेली जागा कायम ठळक राहते. म्हणजे तुम्ही चहा घेऊन आलात तरी दरम्यान काय काय हललं ते दिसतं.

डिस्कच्या जागेच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. डीएफला -एच लावलं की माणसाला वाचायला सोपे गोल आकडे येतात, आणि १० जीबीच्या वर गेलं की दशांशसुद्धा दिसत नाही. ९४ जीबीचे ९५ होईपर्यंत स्क्रीन जशीच्या तशी. बॅकअप चालू आहे की अडकलाय, हेच त्यातून कळत नाही. म्हणून नजर ठेवायची असेल तेव्हा -एच सोडा आणि -एम लावा, म्हणजे मेगाबाइटमध्ये आकडे येतील:

वॉच -एन ६० -डी डीएफ -एम /बॅकअप

६० सेकंद मी मुद्दाम घेतलेत. दोन वाचनांची वजाबाकी केली की दर मिनिटाला किती मेगाबाइट जातायत ते थेट हातात येतं. उरलेल्या आकड्याला त्याने भागलं की किती मिनिटं लागणार ते कळतं.

हा हिशेब मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीतल्या एका ऑफिसात करावा लागला होता. तळमजला, बाहेर रस्त्यावर पाणी आलेलं, आणि आत एक जुना सर्व्हर. सर्व्हर उचलून वर न्यायचाच होता, पण त्यातल्या डिस्का इतक्या जुन्या होत्या की एकदा बंद केल्यावर परत सुरू होतील याची खात्री नव्हती. म्हणून आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सगळ्याची प्रत घ्यायची, मग बंद करायचा, मग उचलायचा, असं ठरलं. एकूण १८० जीबी. आरसिंक, म्हणजे फाइलींची प्रत घेणारी कमांड, चालू होतं. माझा सहकारी दारात उभा राहून पायऱ्या मोजत होता आणि मी दुसऱ्या खिडकीत वरचीच कमांड लावून बसलो होतो. मिनिटाला साधारण १,८०० एमबी जात होते. १४० जीबी उरले होते, म्हणजे अजून ७८ मिनिटं. दारातून आवाज आला, "तीन पायऱ्या राहिल्यात, एकेका पायरीला अर्धा तास लागतोय." म्हणजे हातात ९० मिनिटं. वीज कधीही जाईल अशी अवस्था होती आणि यूपीएस २० मिनिटांच्या वर टिकणारा नव्हता, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर निर्णय घेता आला: प्रत पूर्ण होऊ द्यायची. आकडे उलटे असते तर आम्ही फक्त हिशेबाचा फोल्डर घेऊन सर्व्हर बंद केला असता. अंदाजपंचे आम्ही काय केलं असतं ते सांगता येत नाही.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट पक्की झाली. आरसिंक संपलं, प्रॉम्प्ट परत आला, डीएफमध्ये सगळे १८० जीबी आलेले दिसले, आणि सहकारी डिस्क ओढायला निघाला. थांबवला. लिनक्स लिहायचा डेटा आधी मेमरीत धरतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. डीएफचा आकडा त्या उतरण्याच्या पुढे धावतो. खरी परिस्थिती दिसते ती इथे:

वॉच -एन १ -डी ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो

ग्रेप फक्त हे शब्द असलेल्या ओळी दाखवतं. डर्टी आणि राइटबॅक या शब्दांचं फक्त पहिलं अक्षर मोठं लिहायचं. डर्टीसमोर त्या वेळी सुमारे २६ लाख किलोबाइट होते, म्हणजे अडीच जीबीच्या वर डेटा अजून डिस्कवर पोचलाच नव्हता. मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला लावणारी सिंक कमांड दिली आणि तो आकडा खाली येताना बघत बसलो. दीड मिनिट लागलं. आकडा शून्याजवळ आल्यावर अनमाउंट केलं, म्हणजे डिस्क यंत्रापासून रीतसर सोडवली, आणि मगच डिस्कला हात लावला. तेव्हापासून यूएसबीवर मोठी प्रत घेताना ही एक खिडकी मी उघडी ठेवतोच.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त लोकांचा वेळ जातो ती. समजा बॅकअपच्या फोल्डरमध्ये किती फाइल आल्या ते मोजायचंय. माणूस सहज लिहितो:

वॉच एलएस /बॅकअप | डब्ल्यूसी -एल

आणि स्क्रीन कोरी. काहीच येत नाही. वाटतं, वॉच बिघडलं. झालं असं की उभी रेघ, म्हणजे पाइप, वॉचपर्यंत पोचतच नाही. तुमचा शेल ती आधी वाचतो आणि अर्थ लावतो की वॉचचा सगळा निकाल डब्ल्यूसीकडे पाठवायचाय. वॉच कधी संपत नाही, डब्ल्यूसी शेवट येईपर्यंत थांबून राहतं, आणि तुम्ही दोघांकडे बघत बसता. सगळं एका अवतरणात गुंडाळलं की काम होतं:

वॉच 'एलएस /बॅकअप | डब्ल्यूसी -एल'

अवतरण एकेरीच घ्या. दुहेरी अवतरणात डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी गोष्ट शेल आधीच सोडवून टाकतो. याची परीक्षा अर्ध्या मिनिटात घेता येते. हे चालवून बघा:

वॉच "इको $(डेट)"

वेळ गोठलेली दिसेल, कारण डेट एकदाच चालली, तीही वॉच सुरू व्हायच्या आधी. आता तेच एकेरी अवतरणात लिहा, घड्याळ चालू होईल. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हे दोन्ही शेजारी शेजारी चालवायला लावतो, कारण शेल काय करतो आणि कमांड काय करते यांतली सीमारेषा याच्याइतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

याच कारणाने तुमचे एलियस, म्हणजे कमांडना तुम्ही दिलेली टोपणनावं, वॉचच्या आत चालत नाहीत. वॉच प्रत्येक वेळी नवा साधा शेल उघडून त्यात कमांड देतं, आणि त्या शेलला तुमचे एलियस माहीत नसतात. उपाय म्हणजे वॉचचाच एलियस करायचा, वॉच या नावाचा अर्थ वॉच आणि पुढे एक मोकळी जागा. ती मोकळी जागा असली की शेल पुढच्या शब्दाचाही एलियस सोडवतो. रंगांचंही असंच. आपला निकाल थेट टर्मिनलवर जात नाहीये हे ग्रेप आणि एलएस यांना कळतं आणि ते रंग देणं बंद करतात. त्यांना रंग नेहमी द्या असं सांगावं लागतं आणि वॉचलाही -सी लावावं लागतं.

वॉचच्या मर्यादाही माहीत हव्यात. स्क्रीनच्या उंचीपेक्षा लांब निकाल खाली कापला जातो आणि वरखाली सरकवता येत नाही. म्हणून आत हेड (सुरुवातीच्या ओळी) किंवा टेल (शेवटच्या ओळी) लावून हव्या त्याच ओळी आणा. दुसरं म्हणजे अडकणारी कमांड. नेटवर्कवरचा फोल्डर जोडलेला असेल आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं, तर नुसतं डीएफ अनंत काळ थांबून राहतं आणि त्याच्याबरोबर वॉचही. डीएफला नेमका मार्ग द्या किंवा -एल लावून फक्त स्थानिक डिस्का विचारा. नेटवर्कचंच माप हवं असेल तर पुढे टाइमआउट लावा:

वॉच -एन ३० टाइमआउट -एस किल ५ डीएफ -एम /नेटवर्क

किल हा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर डीएफला मारून वॉच पुढच्या फेरीला जाईल. इथे साधा थांबण्याचा इशारा पुरत नाही, म्हणून किल.

किती सेकंदांनी चालवायचं याबद्दल माझं ठाम मत आहे: बघण्याचं ओझं कामावर पडता कामा नये. डीएफ हलकं आहे, ते फाइलसिस्टिमला एक आकडा विचारतं. डीयू तसं नाही. ते फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलपाशी जाऊन माप घेतं. लाखभर फाइल असलेल्या फोल्डरवर दोन-दोन सेकंदांनी डीयू लावलंत तर ज्या डिस्कवर बॅकअप लिहिला जातोय त्याच डिस्कला तुम्ही दुसऱ्या कामाला जुंपलंय, आणि मग बॅकअप हळू का चाललाय म्हणून शोध घेताय. डीयू लागलंच तर पाच-दहा मिनिटांनी. वॉच ०.१ सेकंदापर्यंत खाली जातं, पण इतक्या घाईने वाचण्यासारखं मला फारच क्वचित काही सापडलंय. आणखी एक बारकावा: -एनचे सेकंद मोजले जातात ते आधीची कमांड संपल्यानंतर. ६० सांगितले आणि कमांडलाच ४० लागले, तर दोन वाचनांत १०० सेकंदांचं अंतर पडतं. मिनिटाचा हिशेब करायचा असेल तर -पी लावा, मग ते वेळ धरून चालायचा प्रयत्न करतं.

सतत बघत बसायचं नसेल तर वॉचला स्वतः थांबायला सांगता येतं. -जी लावलं की निकाल बदलताक्षणी वॉच बाहेर पडतं. त्याच्यापुढे && लिहून दुसरी कमांड जोडली की बदल झाल्यावर ती चालते. फक्त निकालात वेळ किंवा सतत हलणारा आकडा नको, नाहीतर दुसऱ्याच फेरीत बाहेर. -ई लावलं तर कमांड चुकल्यावर वॉच तिथेच गोठतं, म्हणजे चुकीचा मजकूर पुसला जात नाही. -बी लावलं तर अशा वेळी बीप वाजतो.

आता दुसरा प्रश्न, रात्रीचा. वॉचचा निकाल फाइलमध्ये वळवायचा विचार सोडून द्या. त्यात स्क्रीन पुसण्याचे, कर्सर हलवण्याचे संकेत भरतात आणि सकाळी ती फाइल वाचवत नाही. शिवाय वॉचला इतिहास नसतो, प्रत्येक फेरी आधीची पुसून टाकते. नोंदीला हे लागतं:

व्हाइल स्लीप ६०; डू डेट; डीएफ -एम /बॅकअप; डन | टी -ए /होम/नोंद

अर्थ असा की ६० सेकंद झोप, मग वेळ छाप, जागा छाप, परत झोप. टी हे स्क्रीनवरही दाखवतं आणि फाइलमध्येही लिहितं. -ए म्हणजे जुन्या नोंदीखाली जोड, पुसू नको. तो -ए विसरल्यामुळे आख्ख्या आठवड्याची नोंद गेलेली मी पाहिली आहे.

पुष्कळ ठिकाणी व्हाइल ट्रू लिहून झोप आत टाकलेली दिसते. मी झोप अटीच्या जागी ठेवतो, आणि त्याला कारण आहे. काही कमांड कंट्रोल-सी स्वतः पकडतात. तेव्हा ती कमांडच थांबते, फेरी चालूच राहते आणि माणूस कंट्रोल-सी बडवत बसतो. झोप अटीत असली की झोपेत दिलेल्या कंट्रोल-सीने अट खोटी ठरते आणि फेरी हमखास संपते. पहिला निकाल एक मिनिट उशिरा येतो, तेवढं चालवून घ्या.

नोंद ठेवताना दोन गोष्टी सांभाळा. ज्या डिस्कवर नजर ठेवताय तिच्यावरच नोंद लिहू नका. ती डिस्क भरली की नोंदही थांबते, आणि नेमकी तीच वेळ तुम्हाला हवी असते. आणि एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर गेला असाल तर जोडणी तुटली की फेरीही मरते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा धरून काम करता येत नाही. आधी सर्व्हरवर टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करा, त्याच्या आत फेरी लावा, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर या. लॅपटॉप बंद करा, घरी जा. सकाळी टीमक्स अटॅच म्हटलं की सगळं जागेवर. जुन्या सर्व्हरवर टीमक्स नसेल तर स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम तेच काम करतो.

रोजच ही नोंद हवी असेल तर क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेवर, टाका. क्रॉन मिनिटापेक्षा बारीक जात नाही, पण जागेच्या नोंदीला मिनिट भरपूर झालं. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होण्याची भीती असेल तर पुढे एफलॉक लावा, ते एका वेळी एकच चालू देतं.

याच घराण्यातली एक फार उपयोगी फेरी म्हणजे अनटिल. सर्व्हर रीबूट केलाय आणि तो परत कधी येतो त्याची वाट बघायचीय:

अनटिल पिंग -सी १ सर्व्हर; डू स्लीप ५; डन; इको आला

पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला दिलेली हाक. पिंगला उत्तर आलं की फेरी आपोआप संपते. पिंगला उत्तर आलं म्हणजे आतला डेटाबेसही उठला असं मात्र नव्हे. ज्याची वाट बघायची तीच तपासणी अटीत घाला.

काही वेळा बाहेरून फेरी लावायची गरजच नसते, कारण कमांडला स्वतःला ते येतं. मेमरी आणि प्रोसेसरची स्थिती दाखवणाऱ्या व्हीएमस्टॅटला व्हीएमस्टॅट ५ म्हटलं की दर ५ सेकंदांनी एक ओळ येते आणि जुन्या ओळी वर राहतात, फरक वाचायला तर हे वॉचपेक्षा सरस. त्यातली पहिली ओळ सोडून द्या, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. डिस्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या आयओस्टॅटचंही तसंच. पहिल्या ओळीवरून "सर्व्हर तर शांत आहे" असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीएसक्यूएल या टर्मिनलवरच्या प्रोग्रॅममध्ये क्वेरी लिहून शेवटी अर्धविरामाऐवजी \वॉच ५ दिलं की तीच क्वेरी दर ५ सेकंदांनी चालते. २०१३ मध्ये आलेल्या ९.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. मायएसक्यूएल वापरत असाल तर मायएसक्यूएलॲडमिनला -आय ५ देऊन प्रोसेसलिस्ट मागता येते. आणि लॉग फाइलवर नजर ठेवायला तर वॉच नकोच, तिथे टेल -एफ. त्यातला एफ मोठा घ्या. छोटा एफ उघडलेल्या फाइलला चिकटून राहतो. रात्री लॉग फिरवला गेला, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून त्याच नावाने नवी उघडली गेली, की छोटा एफ जुन्याच फाइलपाशी बसून राहतो. मोठा एफ नावाच्या मागे जातो. सिस्टिमच्या जर्नलसाठी जर्नलसीटीएल -एफ, तिथे छोटाच.

यापुढची पायरी म्हणजे विचारणंच बंद करणं. बंधाऱ्यावर माणूस ठरावीक वेळाने जाऊन पातळी वाचतो, ती एक पद्धत. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ही दुसरी. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, कुणी बघायला असो वा नसो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, २००५ पासून, २.६.१३ आवृत्तीपासून, आयनोटिफाय नावाची अशी व्यवस्था आहे. फोल्डरमध्ये फाइल आली, बदलली, बंद झाली की कर्नल स्वतः कळवतो. टर्मिनलवरून वापरायला आयनोटिफायवेट आहे, ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. "टॅलीचा बॅकअप या फोल्डरमध्ये पूर्ण लिहून झाला की पुढची कॉपी सुरू कर" यासाठी दर दोन सेकंदांनी एलएस बघण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ. तिथे फाइल तयार झाल्याची घटना धरू नका. लिहून बंद झाल्याची धरा, नाहीतर अर्धवट फाइल उचलाल. आणि त्याची हद्द लक्षात ठेवा: त्याच यंत्रावरून झालेला बदलच त्याला कळतो. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या यंत्राने फाइल टाकली तर कर्नलला पत्ताच लागत नाही. तिथे पुन्हा बंधाऱ्यावर जाऊन पातळी वाचणंच आलं, म्हणजे फेरी.

लिनक्स सोडून इतरांसाठी थोडक्यात. मॅकवर वॉच आधीपासून नसतं, होमब्रूने मिळतं, नाहीतर वरची व्हाइलची फेरी तिथे जशीच्या तशी चालते. फ्रीबीएसडीवर वॉच नावाची कमांड आहे, पण ती दुसऱ्याच्या टर्मिनलवर काय चाललंय ते बघायची, हे काम करत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये व्हाइलची फेरी लिहून आत स्टार्ट-स्लीप द्यायचं.

मग आज रात्री काय करायचं? आठला बॅकअप सुरू होण्याआधी सर्व्हरवर टीमक्स उघडा. त्यात ६० सेकंदांची नोंद-फेरी लावा, नोंद दुसऱ्या डिस्कवर. शेजारच्या खिडकीत वॉच -एन ६० -डी लावून पहिली दहा मिनिटं बसा आणि मिनिटाचा वेग कागदावर लिहून ठेवा. उरलेल्या जागेला त्या वेगाने भागा. बॅकअप संपायच्या आधीच डिस्क भरणार असेल तर ते तुम्हाला सव्वाआठला कळेल, जुने बॅकअप हलवायला वेळ असताना. नाहीतर टीमक्समधून बाहेर पडा आणि घरी जा. सकाळी नोंद उघडल्यावर आकडा जिथे बराच वेळ हललाच नाही किंवा एकदम मोठी उडी मारली, त्या आजूबाजूच्या दहा-बारा ओळी वेळेसकट मला पाठवा. त्या वेळेला सर्व्हरवर दुसरं कोणतं काम चालतं ते क्रॉनची यादी बघून सोबत लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.